नांगर सोडण्याची सोय

नागपुरातून समुद्र किती लांब, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईच येते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबई सातशे किलोमीटरच्या किंचित आत भरते, आणि काकीनाडा पावणेसहाशेच्या आसपास. म्हणजे आपल्याला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळचा आहे. तिथलं वादळ आंध्रात जमिनीवर चढलं की त्याचा उरलासुरला पाऊस विदर्भात कोसळतो. सप्टेंबर २०२१ मधलं ‘गुलाब’ तर आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावरून निघून विदर्भ-मराठवाड्यावरून गेलं, गुजरातपाशी पुन्हा समुद्रात उतरलं आणि ‘शाहीन’ असं नवं नाव घेऊन ओमानवर जाऊन आदळलं.

समुद्राशी या गावाचा आणखी एक, जरा सरकारी संबंध आहे. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची देशभरची जबाबदारी असलेल्या ‘पेसो’चं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. समुद्रमार्गे येणारं पेट्रोलियम कसं उतरवायचं, याचेही नियम ज्या पेट्रोलियम नियमावलीत आहेत, ती राबवणारं हे कार्यालय. भरती-ओहोटी कधी न पाहिलेल्या गावात! शिवाय आता समृद्धी महामार्गाच्या कडेकडेने गेलची सुमारे सातशे किलोमीटरची वायुवाहिनी मुंबईकडून नागपूरपर्यंत आली आहे. तेव्हा भर समुद्रात तेलाचं जहाज एका जागी कसं उभं राहतं आणि वादळ आलं की ते काय करतं, हा प्रश्न नागपूरकराने विचारला तर तो आगाऊपणा ठरू नये.

मुंबई हायची गोष्ट मराठी वाचकाला साधारण ठाऊक असते. ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगने १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. तिथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर. एवढ्या पाण्यात पोलादी पाय तळाला ठोकून वर प्लॅटफॉर्म उभारता येतो, आणि तसे ते उभारलेही गेले. अडचण पुढची होती. काढलेलं तेल किनाऱ्यावर न्यायचं कसं? उरणपर्यंतची समुद्राखालची वाहिनी १९७८ मध्ये आली. तोवरचा सारा भार एका बोयावर होता.

तेलखात्यातली माणसं त्याला एसबीएम म्हणतात. गल्लीतल्या एखाद्या घराएवढा, गोल, पोलादी, पोकळ बोया समुद्रावर तरंगत असतो. सहा-आठ जाड साखळ्यांनी तो चारी दिशांना तळाशी नांगरलेला असतो. खालून एक लवचीक नळी त्याच्या पोटात येते. वरचा भाग बेअरिंगवर गरगर फिरू शकतो. तेल न्यायला आलेलं टँकर आपलं नाक एका जाड दोरखंडाने या फिरत्या भागाला बांधतं, पाण्यावर तरंगणारी रबरी नळी ओढून घेतं आणि तेल भरायला लागतं. कच्छच्या आखातात वाडिनारसमोर आजही असे बोये आहेत. अजस्र टँकरना किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात यायला नको म्हणून ती बाहेरच थांबतात, आणि त्यांचं तेल बोयातून जमिनीवर उतरून पुढे वाहिनीने मथुरेच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत जातं.

हे सगळं करण्यापेक्षा जहाज पुढून-मागून घट्ट बांधून का टाकत नाहीत? इथे जहाजाचा आकार आडवा येतो. मोठं टँकर २५० मीटर लांब आणि ४०-४५ मीटर रुंद असतं. वारा आणि लाटा नाकावर आल्या तर त्यांना फार थोडा पृष्ठभाग सापडतो. कुशीवर आल्या तर पाच-सहा पट. शिवाय आडवं सापडलेलं जहाज डोलायला लागतं, आणि तसं डोलणारं जहाज बांधून ठेवणाऱ्या साखळ्या कितीही जाड केल्या तरी पुरत नाहीत. म्हणून एकाच टोकाला बांधायचं आणि बाकी जहाज वारा वळवेल तसं वळू द्यायचं. चर्चच्या शिखरावरचा वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो, तसं जहाज आपणहून लाटेकडे नाक करून उभं राहतं. इंजिन चालू ठेवावं लागत नाही, सुकाणू धरावं लागत नाही.

टँकरचा मुक्काम एखाद-दोन दिवसांचा असतो. भरलं की दोर सोडायचा आणि चालू पडायचं. पण तेलक्षेत्रच हजार-बाराशे मीटर खोल पाण्यात असेल तर तळाला पाय ठोकलेला प्लॅटफॉर्म परवडत नाही. मग कारखानाच जहाजावर चढवतात. विहिरींतून आलेलं मिश्रण तिथेच तेल, वायू आणि पाणी असं वेगळं करायचं, तेल पोटातल्या टाक्यांत साठवायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी येणाऱ्या टँकरमध्ये उतरवायचं. या जहाजांना एफपीएसओ म्हणतात. मुंबईसमोर ओएनजीसीच्या डी-१ क्षेत्रात २०१३ पासून ‘आर्माडा स्टर्लिंग’ नावाचं असं जहाज काम करतं. त्याच्या मालकीत आपल्या शापूरजी पालनजी समूहाचा वाटा आहे. काकीनाड्यासमोरच्या खोल पाण्यात ओएनजीसीने जानेवारी २०२४ मध्ये पहिलं तेल काढलं, तेही अशाच जहाजावर, ‘आर्माडा स्टर्लिंग ५’ वर.

एफपीएसओने वर्षानुवर्षं एका जागी राहायचं असतं. खालून एक नळी नव्हे, अनेक नळ्या येतात: तेलाच्या, वायूच्या, विहिरीत पाणी दाबण्याच्या, झडपा उघडझाप करणाऱ्या तेलदाबाच्या, विजेच्या तारा. जहाज वाऱ्याबरोबर फिरणार आणि नळ्या तर तळाशी खिळलेल्या. चार फेऱ्यांत वेणी घातली जाईल. यावरचा तोडगा म्हणजे टरेट. जहाजाच्या नाकाशी किंवा पोटात आरपार उभा दंडगोल बसवतात. साखळ्या आणि नळ्या या दंडगोलाला जोडलेल्या असतात, त्यामुळे तो समुद्रतळाच्या हिशेबाने स्थिर राहतो. त्याच्याभोवती मोठमोठ्या बेअरिंगवर अख्खं जहाज फिरतं. दंडगोलाच्या माथ्यावर एकावर एक रचलेले स्विव्हल असतात. स्थिर नळीतलं तेल फिरत्या नळीत न गळता जाऊ देणारे हे सांधे आतून शेकडो बारचा दाब सोसतात. माझ्या मते या जहाजावरची सगळ्यांत कमी कौतुक झालेली आणि सगळ्यांत अवघड वस्तू हीच.

इथपर्यंत सगळं ठीक. मग वादळ येतं.

ब्राझीलच्या आणि अंगोलाच्या समुद्रात चक्रीवादळं जवळजवळ नसतातच, म्हणून तिथली जहाजं कायमची बांधलेली असतात. उत्तर समुद्र भयंकर खवळतो, पण तिथलंही गणित साखळ्या आणखी जाड करून सुटतं. चक्रीवादळाच्या पट्ट्यात मात्र दोनच रस्ते उरतात. शंभर वर्षांत एकदा येणारं वादळ झेलेल इतकं सगळं मजबूत बांधायचं, किंवा वादळ येण्याआधी निघून जायचं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला तिमोर समुद्रात १९८६ मध्ये ‘जाबिरू व्हेंचर’ या जहाजाने दुसरा रस्ता निवडला. वादळाचा इशारा आला की सांधा सोडायचा, समुद्रात लांब जायचं, वादळ सरलं की परत येऊन जोडायचं. पुढे त्या किनाऱ्यावरच्या अनेक जहाजांनी हेच केलं.

सुरुवातीच्या रचना अवजड होत्या. नंतर नॉर्वेत १९९० च्या दशकात एक देखणा उपाय पुढे आला: बोया समुद्राखाली ठेवायचा. हा बोया शंकूच्या आकाराचा, टोक वर. त्याच्या मधोमध टरेटचा दंड, दंडाच्या खालून साखळ्या आणि नळ्या निघालेल्या. जहाजाच्या तळाला याच मापाची शंकूसारखी पोकळी कोरलेली असते. जोडताना जहाज बोयाच्या बरोबर वर येतं, पाण्यावर तरंगत ठेवलेली दोरी पकडतं आणि विंचने बोया वर ओढून घेतं. शंकू पोकळीत शिरताना आपोआप मधोमध येतो, मग हायड्रॉलिक कुलपं बसतात, पाणी उपसून टाकतात आणि माणसं खाली उतरून नळ्या जोडतात.

सोडतानाचं भौतिकशास्त्र मला त्याहून आवडतं. कुलपं उघडली की बोया खाली जातो, पण तळाला जाऊन आपटत नाही. का? तो पोकळ आहे, त्याला वर ढकलणारं बळ आहे. खाली खेचतं ते त्याला लोंबकळणाऱ्या साखळ्यांचं वजन. बोया जसजसा खाली जातो तसतसा साखळ्यांचा जास्त भाग समुद्रतळावर टेकतो, म्हणजे बोयाच्या अंगावरचं ओझं कमी होत जातं. एका खोलीवर दोन्ही बळं जुळतात आणि बोया तिथेच थांबतो. पंप नाही, झडप नाही, कुणी पाहणारा नाही. ही खोली बहुधा पृष्ठभागाखाली ३० ते ५० मीटर अशी ठरवलेली असते.

तीस ते पन्नासच का, तर लाटेचं बळ खोलीबरोबर झपाट्याने ओसरतं. दहा सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १५६ मीटर लांब असते. ४० मीटर खाली तिची हालचाल पृष्ठभागावरच्या पाचव्या हिश्शावर येते. वादळी लाटा जास्त लांब असतात. बारा सेकंदांच्या लाटेची लांबी सव्वादोनशे मीटर, आणि तिची हालचाल त्याच खोलीवर तिसऱ्या हिश्शापर्यंतच उतरते. तरी वरच्या थैमानाच्या मानाने बोया शांत असतो, आणि ये-जा करणाऱ्या जहाजांच्या तळापासूनही तो पुरेसा खाली राहतो.

भारताला हे तंत्र नवं नाही. काकीनाड्यासमोर रिलायन्सच्या केजी-डी६ पट्ट्यातल्या एमए क्षेत्रात सप्टेंबर २००८ मध्ये तेल सुरू झालं ते ‘धीरूभाई-१’ या जहाजावर. पाण्याची खोली सुमारे १२०० मीटर, आणि बोया सुटणारा. बंगालच्या उपसागरात वादळांचे वर्षाला दोन हंगाम असतात, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. तिथे हे शहाणपणच होतं. खोली वाढली की एक पेच मात्र वाढतो. सुटलेल्या बोयाला हजारो मीटर साखळ्यांचं आणि नळ्यांचं वजन एकट्याने पेलायचं असतं, म्हणून बोया मोठा करावा लागतो, आणि मोठा बोया सामावायला जहाजाचं पोट मोठं कोरावं लागतं. साखळीचा मधला भाग काढून तिथे हलकी पॉलिएस्टरची दोरी वापरतात ती याचसाठी. मेक्सिकोच्या आखातात शेलच्या ‘स्टोन्स’ क्षेत्रात २०१६ पासून सुमारे २९०० मीटर पाण्यात असं सुटणारं जहाज उभं आहे.

आता मुंबईकडे परत येऊ, कारण या सगळ्याची किंमत तिथे कळते.

२७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मशेजारी ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतजहाज एका जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर देण्यासाठी जवळ आलं होतं. पावसाळी लाटांत ते प्लॅटफॉर्मवर ढकललं गेलं आणि वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर आदळलं. आग भडकली आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. बावीस माणसं गेली, साडेतीनशेहून जास्त वाचली. खवळलेल्या समुद्रात स्थिर बांधकामाशेजारी हलतं जहाज म्हणजे काय, हे त्या दोन तासांनी दाखवलं.

सोळा वर्षांनी ‘तौक्ते’ आलं. १७ मे २०२१ रोजी ते मुंबईसमोरून उत्तरेकडे गेलं आणि तेलक्षेत्रातल्या चार मोठ्या जहाजा-बार्जेसचे नांगर तुटले. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ वाहत जाऊन पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतलं. ‘सपोर्ट स्टेशन-३’ आणि ‘सागर भूषण’ वाहवत गेली, पण त्यांच्यावरची माणसं वाचली. ‘पी-३०५’ वर कामगारांच्या राहण्याची सोय होती आणि २६१ जण होते. हीरा क्षेत्रात, मुंबईपासून सुमारे ३५ सागरी मैलांवर, तिचे नांगर सुटले. ती एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळली, आणि त्या संध्याकाळी बुडाली. ‘वरप्रदा’ ही टगही बुडाली. नौदलाच्या ‘कोची’, ‘कोलकाता’ आणि इतर जहाजांनी रात्रभर माणसं वेचली. दोन्ही बोटी मिळून ८६ जण गेले.

पी-३०५ हे एफपीएसओ नव्हतं आणि तिच्याखाली सुटणारा बोयाही नव्हता. तिला स्वतःचं इंजिनसुद्धा नव्हतं. इंजिन नसलेल्या बार्जला पळायचं तर आधी तिचे नांगर टगबोटींनी एकेक करून उचलायचे आणि मग दोराने ओढत न्यायचं. बोया सोडायला आणीबाणीत काही मिनिटं लागतात. विहिरी बंद करून, नळ्या धुऊन, दाब उतरवून व्यवस्थित सोडायचं तरी काही तास पुरतात. म्हणजे बांधायच्या दिवशीच सोडण्याचा विचार केलेलं जहाज आणि न केलेलं जहाज यांच्यात समुद्र खवळल्यावर दिवसांचा फरक पडतो. या विषयातला माझा कळीचा मुद्दा हा. आपल्याकडे तेलक्षेत्रातल्या अपघाताची चर्चा झाली की हवामान खात्याने इशारा कधी दिला आणि कुणी ऐकला नाही, इथेच थांबते. इशारा ऐकूनही हलायला किती तास लागणार होते, हे फारसं कुणी विचारत नाही.

अर्थात यंत्र असणं आणि ते वेळेवर वापरणं या दोन गोष्टी वेगळ्या. कॅनडात न्यूफाउंडलंडसमोर वादळापेक्षा हिमनगांचं भय. तिथलं ‘सी-रोझ’ जहाज त्यासाठीच सुटणारं बनवलेलं. २९ मार्च २०१७ रोजी एक हिमनग त्याच्या दिशेने आला. कंपनीच्याच आराखड्यानुसार हिमनग पाव सागरी मैलाच्या आत आला की बोया सोडायचा होता. जहाजावर ८४ माणसं आणि सुमारे ३ लाख ४० हजार बॅरल तेल. बोया सोडला नाही. धडकेसाठी सज्ज राहा, असं माणसांना सांगण्यात आलं. हिमनग सुमारे १८० मीटरवरून निघून गेला. कुणाला काही झालं नाही, तरीही नियामक मंडळाने जानेवारी २०१८ मध्ये जहाजाचं काम बंद पाडलं. आराखड्यात लिहिलेली गोष्ट केली नाही, एवढा गुन्हा पुरेसा होता. मला ते मंडळ आवडलं.

सोडायला हात का कचरतो, हे समजण्यासारखं आहे. सोडणं म्हणजे उत्पादन बंद. परत येऊन जोडायला समुद्र शांत हवा. बोया सोडायला हवामानाची अट नाही, पण ओढून घ्यायला आहे. दोरी सापडायला हवी, बोया नीट बसायला हवा, मग प्रत्येक सांध्याची गळती-चाचणी. बाराशे मीटरवर पाणी चार-पाच अंशांचं असतं. तिथे थांबलेल्या नळीत कच्च्या तेलातलं मेण घट्ट होऊ शकतं, वायू आणि पाणी मिळून बर्फासारखे खडे धरू शकतात. म्हणून बंद करतानाच नळ्यांत रसायनं सोडावी लागतात आणि विहिरी एकेक करून उघडाव्या लागतात. वादळ मार्ग बदलून दुसरीकडे गेलं, तर हा सगळा खर्च फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो विम्याच्या हप्त्यासारखा आहे, पण हिशेबाच्या कागदावर तो नुसता तोटा दिसतो.

नैसर्गिक वायूच्या जहाजांनीही हाच बोया उचलला. बॉस्टनसमोर २००८ मध्ये सुरू झालेल्या बंदरात द्रवरूप वायू आणणारं जहाज पाण्याखालच्या बोयाला जोडून घेतं, जहाजावरच द्रवाचा वायू करतं आणि तळाच्या वाहिनीत सोडतं. बंदर म्हणजे बोये आणि नळ्या, बस्स. आपल्याकडे रत्नागिरीजवळ जयगडला २०२१ मध्ये ‘होएग जायंट’ हे असंच वायू करणारं जहाज आलं, पण ते धक्क्याला बांधायचं होतं. त्याच वर्षी जुलैत नागपुरात ट्रकसाठी द्रवरूप वायूचा पंप सुरू झाला. तिथला वायू टँकरट्रकने रस्त्याने येतो.

समुद्रावर कायद्याचा एक भक्कम आधार आहे. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार जहाजाच्या कप्तानाला सुरक्षेसाठी योग्य वाटेल तो निर्णय घेण्यापासून मालक, भाडेकरू किंवा कंपनी कुणीही रोखू शकत नाही. पण कप्तानापाशी निर्णयाला वेळ उरला असेल तरच हा अधिकार उपयोगाचा. म्हणून सुटणाऱ्या जहाजांवर वादळ किती तासांवर आहे आणि सुटायला किती तास लागतील, या दोन आकड्यांचा तक्ता सतत चालू असतो. पहिला दुसऱ्याच्या जवळ यायला लागला की एकेक विहीर बंद होऊ लागते, आधी अनावश्यक माणसं हेलिकॉप्टरने जातात, मग बोया.

तौक्तेच्या वेळी हा तक्ता मांडून पाहा. १४ मे रोजी ते चक्रीवादळ झालं आणि १७ ला मुंबईसमोर होतं. तीन दिवस. ताशी दहा सागरी मैलांनी चालणारं जहाज एका दिवसात साडेचारशे किलोमीटर काटतं. ओढून नेलेली बार्ज त्याच्या निम्म्याहून कमी. हीरा क्षेत्रापासून मुंबई सत्तर किलोमीटरच्या आत. म्हणजे १४ किंवा १५ तारखेला नांगर उचलायला घेतले असते, तर ओढत नेणाऱ्या टगलाही एक रात्र पुरली असती.